मधलं पुस्तक

सगूनं मला सांभाळून घेतलं आणि ते माझ्या लक्षात आलं. झालं ते एवढंच. थंडीचे दिवस होते, माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळी तिला शाळेत सोडायला मी निघालो होतो. रोह्याजवळच्या आमच्या वरसेच्या रस्त्यावर उन्हं आली होती आणि तरी पलीकडच्या डोंगरावर चंद्र होता, पातळ, पांढरा, कुणीतरी पुसायचा विसरल्यासारखा. सगूनं मान वर केली आणि विचारलं, "बाबा, चंद्र अजून कसा काय?" ती तिसरीत होती. मी कंपनीत प्लांट ऑपरेटर आहे, मॅट्रिकनंतर आयटीआय केलेलं आहे, आणि मुलीनं काही विचारलं की उत्तर द्यायचंच, अडून राहायचं नाही, हा माझा बाणा होता. मी बेधडक सांगितलं, "हिवाळ्यात सूर्याला जोर नसतो. त्याचा उजेड कमी पडतो, म्हणून चंद्र दिसत राहतो." तिनं पुन्हा एकदा चंद्राकडे बघितलं. मग म्हणाली, "हो, असेल." आणि दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेऊन तिनं माझा हात धरला. तो हात धरणं मला ओळखीचं वाटलं. आमच्या गावी माझा एक चुलता कानानं ठार बहिरा आहे. तो भलतंच काहीतरी बोलतो तेव्हा माझी आई असंच "हो, असंल" म्हणते आणि त्याला पाट मांडून देते. आठ वर्षांच्या पोरीनं मला पाट मांडून दिला होता. शाळेच्या फाटकात ती आत गेली आणि मी उगाचच थोडा वेळ तिथं उभा राहिलो.

घरी येऊन मी तिचं पुस्तक काढलं. तिचं म्हणजे आमच्या चाळीतल्या पोपटच्या थोरल्या मुलाचं, आठवीचं विज्ञान, जुनं. चंद्रावरचा धडा होता, गोल गोल आकृत्या होत्या, आणि पानाचा कोपरा बोट लागून लागून मऊ झाला होता. त्यात सरळ लिहिलं होतं की चंद्र महिन्यातले कितीतरी दिवस दिवसाढवळ्या आकाशात असतो, आपण बघत नाही एवढंच. थंडीचा, सूर्याच्या जोराचा काही संबंध नव्हता. ते मी पुन्हा वाचलं. मग आकृतीवर बोट ठेवून पृथ्वी कुठली, सूर्य कुठला ते बघत बसलो. आईनं चहा आणून ठेवला होता त्यावर साय आली. "काय रं नाथा, परीक्षेला बसतंस का काय?" आई म्हणाली. आई म्हणजे धोंडुबाई, जन्म मिठागरावर गेला, अक्षराशी ओळख नाही, आणि माणसाचं तोंड बघून सगळं वाचते. मी म्हटलं, "काही नाही, बघतोय काय शिकवतात." ती म्हणाली, "तुला काय कललं का त्यातला?" मी चहा पिऊन टाकला. मला कळलं होतं ते एवढंच की सगूला उत्तर आधीच माहीत होतं, तिनं ते मला येतं का हे बघितलं होतं, आणि येत नाही म्हटल्यावर मला लाज वाटू नये म्हणून ती गप्प राहिली होती.

त्या दिवसापासून ती विचारीनाशी झाली. आधी मला वाटलं माझ्या मनाचे खेळ आहेत. पण मी मुद्दाम लक्ष ठेवलं. कुकरची शिट्टी झाली, काही नाही. बोळात साप निघाला, सगळी चाळ गोळा झाली, ती बघत राहिली, काही नाही. जेवताना मीच एकदा म्हटलं, "सगू, मीठ पाण्यात जातं कुठं, सांग बघू." तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "तू जेव बाबा, भात गार होतोय." आता हे ऐकायला कुणाला फार मोठं वाटणार नाही. पोर मोठी होते, बापाला विचारत नाही, जगात असंच चालतं. पण मला दुसरं कोण विचारतं? सगूची आई काविळीनं गेली तेव्हा सगू रांगत होती. शिफ्टच्या माणसाला शेजारी नसतात, मित्र नसतात. सगळे कामावर जातात तेव्हा तो झोपतो आणि सगळे झोपतात तेव्हा तो डबा घेऊन निघतो. कंपनीत यंत्राच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडून सांगण्यासारखं माणसाकडे फार थोडं असतं. आई बोलते, पण ती माझ्या तोंडावरून हात फिरवावा तशी बोलते, तिला उत्तर नको असतं. माझ्याशी खरं बोलणारं घरात एकच माणूस होतं आणि ते प्रश्नांतून बोलायचं. बाबा, पालीचं शेपूट तुटलं की तिला दुखतं का. बाबा, आपण कंपनीच्या धुराच्या वर गेलो तर धूर खाली दिसेल का. मी काहीबाही सांगायचो. खरं सांगायचं तर मला त्या उत्तरांशी देणंघेणं नव्हतं. ती मान वर करून माझ्याकडे बघायची, ते मला हवं असायचं.

ती वाचायला लागली तेव्हा आम्हाला कौतुकच वाटलं होतं. आई बाजारातून सुकट आणायची त्याचा कागद सगू सोडवून घ्यायची, सपाट करायची आणि वाचायची. कागदाला वास यायचा, तिला त्याचं काही नव्हतं. शाळेत गेली तर पहिलीचं पुस्तक तिनं एका दुपारी संपवलं आणि दुसरं मागितलं. आमच्याकडे एक रीत आहे, पुस्तकं धरून ठेवायची. परीक्षा झाली की वरच्या यत्तेतल्या मुलाच्या आईला आधीच सांगून ठेवायचं की यंदा तुमच्या बाब्याची पुस्तकं आमच्या पोरीला. निम्म्या किमतीत मिळतात, कधी नुसत्या वाटीभर लोणच्यावर मिळतात. सगळे एकेका यत्तेची धरतात. मी सगूसाठी तीन-चार यत्तांची एकदम धरायला लागलो. चाळीतल्या बायका हसायच्या. पोपटच्या पोराच्या पुस्तकात बॉलपेननं रेघा मारलेल्या असायच्या, महत्त्वाचे, महत्त्वाचे, आणि जो भाग परीक्षेला नाही त्यावर आडवी फुली. सगू ती फुली मारलेली पानं आधी वाचायची. मी विचारलं तर म्हणाली, "इथं कुणी वाचलेलं नाही ना, म्हणून." शाळेच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की तिसरीच्या मुलीला तिसरीचं वाचू द्या, पुढचं वाचून बसते आणि वर्गात खिडकीबाहेर बघते, तिच्याशी कोण खेळणार. मी हो म्हटलं. दिवाळीपर्यंत चाळीतली सगळी पुस्तकं संपली. "बाबा, आणखी?" ती विचारायची. "बघू," मी म्हणायचो. या बघूवर मी कितीतरी दिवस काढले. मग तिनं "आणखी" म्हणणंही सोडून दिलं, आणि मी त्यातही सुटल्यासारखा श्वास घेतला होता हे मला आता आठवायला लागलं.

आठवडाभर चंद्राचं ते "असेल" डोक्यात घेऊन मी कामावर गेलो आलो. शेवटी माझ्या मनानं एक बेत रचला. तिला असं एक पुस्तक आणून द्यायचं की जे तिला नवं असेल आणि मलाही कळेल. लहान मुलांचं नको, ते ती बघणार नाही. कॉलेजचं नको, ते मला झेपणार नाही. त्या दोन्हींच्या मधलं. ते आधी मी वाचायचं, नाइट शिफ्टला वेळ असतो, आणि तिच्या दोन पानं पुढं राहायचं. मग ती अडेल, मान वर करून विचारील, आणि मला उत्तर येत असेल. बेत तसा पोरकट होता. पण त्या विचारानं मला पहिल्यांदाच रात्रपाळीची वाट बघावीशी वाटली. रोह्यात शोधलं, तिथं गाइडं, वह्या आणि कंपासपेट्या. कुणीतरी म्हणालं, पेणला जा, तिथं मोठं दुकान आहे. शनिवारी माझा ऑफ आला, सगूची शाळा सकाळची होती, दुपारी जेवून आम्ही दोघं एसटीत बसलो.

मी तिला खिडकीशी बसवलं. आधीची सगू असती तर नागोठण्यापर्यंत माझं डोकं खाल्लं असतं. ही खिडकीबाहेर बघत होती आणि दिसेल ती पाटी ओठ न हलवता वाचत होती, हे तिच्या डोळ्यांच्या हालचालीवरून कळायचं. वडखळला गाडी नेहमीसारखी रखडली. ट्रकांची रांग, अलिबागकडे जाणारे लोक, काकड्या विकणाऱ्या बायका. तिथून खाडीच्या बाजूला आमचं गाव. मी म्हटलं, "सगू, तिकडं आपली मिठागरं." आपली म्हणजे मालकाची, माझा बाप काळुराम तिथं राबायचा. "माहीत आहे," ती म्हणाली. माझ्या बापाला प्रश्न विचारायची सोय नव्हती. विचारला की तो कामाला लावायचा. मीठ पांढरं का असतं असं मी एकदा विचारलं तर त्यानं माझ्या हातात फावडं दिलं आणि संध्याकाळपर्यंत परत घेतलं नाही. तेव्हा मी ठरवलं होतं की आपण बाप झालो की उत्तर द्यायचं, चुकलं तर चुकलं. वाऱ्यावर खाऱ्या चिखलाचा वास आला. सगूनं पदराच्या टोकासारखं फ्रॉकचं टोक नाकाशी धरलं आणि मग माझ्याकडे बघून ते पटकन खाली सोडलं. मला वाटलं, तिला आमच्या गावाचा वास आवडला नाही आणि मला वाईट वाटू नये म्हणून तिनं ते लपवलं. आता मला सगळ्यातच ते दिसायला लागलं होतं.

पेणचं ते दुकान लांबट आणि अंधारं होतं. एका बाजूला पुस्तकं, दुसऱ्या बाजूला मूर्तिकारांना लागणाऱ्या रंगांचे डबे आणि पोत्यांत भुकटी. गल्ल्यावर महिपतशेठ, मालक, त्यांच्या मनगटाला गुलाबी रंग लागलेला. "यत्ता कितवी?" त्यांनी वर न बघता विचारलं. मी म्हटलं, "यत्तेचं नको. विज्ञानाचं पाहिजे, मुलीला."

"विज्ञानाचाच देतो हो. यत्ता सांगा."

"तिसरी. पण तिसरीचं नको. तिनं आठवीचं वाचलंय."

"मंग नववीचा देऊ?"

"नववीचंही झालंय."

आता त्यांनी मान वर केली, सगूला बघितलं, आणि ते हसले, वाईट नाही, लहान मूल बघून माणूस हसतो तसे. त्यांनी एका पुठ्ठ्याच्या खोक्यातून रंगीत पुस्तकं काढली. एकावर टोपी घातलेला हत्ती भिंगातून बघत होता. सगूनं ते हातात घेतलं, पानं उलटली, शेवटच्या पानावर पोचली आणि दोन्ही हातांनी परत दिलं. "छान आहे," ती म्हणाली. शेठ खूश झाले. मी नाही झालो, मला तो आवाज माहीत होता. मग त्यांनी फळीवरून अकरावी-बारावीची जाड पुस्तकं खाली घेतली, इंग्रजीत. सगूनं उघडलं आणि अक्षरांवरून बोट फिरवत राहिली, आकृत्यांशी थांबत, आकृत्या तिला कळत होत्या आणि आजूबाजूला लिहिलेलं कळत नव्हतं. तिच्या कपाळाला आठी पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी विचारलं, "या दोन्हींच्या मधलं काही नाही का? मराठीत?" महिपतशेठनी खरंच विचार केला. पोत्याला टेकून उभे राहिले. "मधला कोन छापतंय," ते म्हणाले. "पोरगं लहान आसतंय नायतर कालेजात आसतंय. मधी कोन आसतंय?" सगू रंगांच्या डब्यांवरची नावं वाचत होती. मी म्हटलं, "ही आहे ना." ते म्हणाले, "व्हय, पन ही एकच हाय." आणि जरा वेळानं, मला बरं वाटावं म्हणून असेल, "वाचनालयात बघा. इमलबाई असतील, त्यांना सांगा मी धाडलंय."

वाचनालयात विमलबाई एकट्याच होत्या, चष्मा कपाळावर चढवून पेपरांच्या घड्या घालत. रोह्याहून आलोय, शेठनी धाडलंय, असं मी सांगितलं. मुलांची पुस्तकं त्या पेटीत, म्हणून त्यांनी बोट दाखवलं. सगू पेटीकडे गेलीच नाही. भिंतीशी काचेची कपाटं होती, कुलूपबंद, त्यातल्या एका कपाटासमोर ती मान तिरकी करून उभी राहिली आणि पुस्तकांच्या पाठींवरची नावं वाचू लागली. "ती मोठ्यांची गो," विमलबाई म्हणाल्या. सगूनं वळून विचारलं, "मोठे नेतात ही?" तिनं खोडसाळपणे नाही, माहिती म्हणून विचारलं होतं. बाईंनी कपाटाकडे बघितलं, आठवून बघितलं बहुतेक, आणि त्यांना हसू आलं. "नाय नेत कोनी," त्या म्हणाल्या आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन उठल्या. "न्यायला सभासद व्हावं लागंल, ते रोह्याहून तुम्हाला कशाला परवडतंय. हितंच बसा. मी सातला बंद करते." सगूनं जे पुस्तक काढलं ते जाड होतं, पदार्थ, वायू, उष्णता असं काहीबाही सगळं त्यात होतं, सरकारी योजनेतून कधीतरी आलेलं, आणि त्याची पानं अजून जोडलेली होती. छापताना कागदाची घडी असते ती कुणी कापलीच नव्हती. बाईंनी एक लाकडी पट्टी दिली. माझ्या मनात आलं, हेच. हेच ते मधलं.

आम्ही शेजारी शेजारी बाकावर बसलो. मी पट्टीनं पान सोडवायचं, तिनं वाचायचं. सरळ कापायला लागतं, घाई केली की कागद फाटतो. माझा हात त्यात बसला. तिच्या पुढं दोन पानं राहण्याचा माझा बेत असा भलत्याच रीतीनं पुरा झाला. मीही वाचायला लागलो, तिच्या खांद्यावरून. पहिल्या काही ओळी कळल्या. मग भाषा जड झाली, मी एका वाक्यात अडकलो, आणि माझ्या लक्षात आलं की सगूचं पान वाचून झालंय आणि ती उलटत नाहीये. ती वाट बघत होती. "झालं?" तिनं हळूच विचारलं. मी म्हटलं, "झालं." तिनं आणखी जरा वेळ जाऊ दिला आणि मग उलटलं. पुढच्या पानाला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. खिडकीतून संध्याकाळचं ऊन पेपरांच्या टेबलावर आलं होतं, बाहेर सायकलींच्या घंटा वाजत होत्या, विमलबाई कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका वाचत होत्या. मी माझ्या मुलीच्या इतका जवळ बसलो होतो की तिच्या केसांतल्या खोबरेलाचा वास मला येत होता, आणि मला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. बायको गेली तेव्हाही नाही. तेव्हा रडायला माणसं होती.

मग मी एक घडी कापली आणि आतून क्लोरीन निघाला. मला वाचायचीही गरज पडली नाही. हिरवट पिवळा, हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, पाण्यात विरघळतो. आमच्या कंपनीत तो टाक्यांतून येतो, रंगाचा कच्चा माल करायला लागतो, माझी सगळी नोकरी त्याच्या पाइपलाइनीवर झालेली. त्या जाड पुस्तकात माझी जागा निघाली होती. मी पट्टी खाली ठेवली. "सगू, हे मला येतं," मी म्हणालो, आणि माझा आवाज जरा वर गेला असावा कारण विमलबाईंनी बघितलं. "हा आमच्याकडे असतो. विचार. काय पाहिजे ते विचार." सगू पानाकडे बघत होती. तिनं ते पान वाचलं, पुढचं जोडलेलं होतं त्याच्या फटीत बोट घालून आत डोकावून बघितलं, मी कापायला घेतलं तर म्हणाली, "राहू दे." पुस्तक तिनं मिटलं. "आजी वाट बघत असेल. जाऊ या." मी म्हटलं, "अगं, सातला अजून वेळ आहे." ती उठलीच होती. विमलबाई म्हणाल्या, "काय गो, आवडला नाय का?" सगू म्हणाली, "आवडलं. पण त्यात नाही." काय नाही ते तिनं सांगितलं नाही आणि बाईंनीही विचारलं नाही. मी पट्टी परत केली. जिन्यावरून उतरताना मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. एक गोष्ट मला येत होती, एकच, आणि तीसुद्धा तिला माझ्याकडून नको होती.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. दिवस मावळून उजेड तेवढा उरला होता. मी मागं टेकून डोळे मिटले होते, झोप नव्हती. नागोठणं गेलं, निडी गेलं. "बाबा," ती म्हणाली. मी डोळे उघडले. "तू ऑपरेटर आहेस ना?"

"हो. का?"

"माझ्या इतिहासाच्या पुस्तकाच्या कव्हरवर आहे. आतल्या बाजूला. वाचायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून मी कव्हरं काढून वाचली."

मला कळायला थोडा वेळ लागला. दर मार्चात कंपनीत सुरक्षा सप्ताह होतो. भिंतीवर लावायला मोठमोठे तक्ते छापून येतात, चांगला जाड, गुळगुळीत कागद, आणि नेहमी जास्तीचे येतात. आम्ही ते गुंडाळी करून घरी आणतो. जून आला की साऱ्या वरसेतल्या पोरांच्या पुस्तकांना त्याच कागदाची कव्हरं लागतात, छापलेली बाजू आत, कोरी पांढरी बाहेर, म्हणजे नीटनेटकं दिसतं. मीही जूनमध्ये जमिनीवर बसून सगूची कव्हरं घातली होती. आईनं खळ करून दिली होती, मी कात्रीनं कापत होतो, आणि उरलेल्या पट्ट्या आईनं बंबात घातल्या. त्यावर काय छापलंय ते मी कशाला बघणार. मला ते पाठ आहे, दरवर्षी वाचून घेतात आणि आमच्याकडून म्हणवून घेतात. तिकडं दूर त्या शहरात गॅस सुटून माणसं मेली त्यानंतर तर जास्तच.

सगूनंही ते पाठ केलं होतं. खिडकीच्या गजाला धरून, शाळेत कविता म्हणतात त्या आवाजात तिनं म्हटलं. वायुगळती झाल्यास घाबरू नये. नाकातोंडावर ओलं फडकं धरावं. वाऱ्याची दिशा पाहावी आणि वाऱ्याला आडवं पळावं. प्लांटमधील सर्वांनी ताबडतोब जमण्याच्या जागी जावं. ऑपरेटरने. इथं ती थांबली.

"पुढचं कापलंय," ती म्हणाली. "तू कापलंस. मी भूगोलाचं कव्हर काढलं, मराठीचं काढलं. पोपटकाकांकडची पण बघितली. दुसरेच तुकडे होते. आणि आज त्या पुस्तकात तर कंपनीचं काहीच नव्हतं." ती माझ्याकडे वळली. मान वर केली. "ऑपरेटरने काय?"

म्हणजे ती मला सांभाळून घेत होती ते माझ्या अडाणीपणापायी नव्हतं. भात गार होतोय म्हणाली तेव्हा ती माझं तोंड बघत होती. वडखळला नाकाशी फ्रॉक धरून बघितला होता, पुरतो का ते. रोज दुपारी मी डबा घेऊन बाहेर पडत होतो आणि ती मागं बसून कव्हरं उचकटत होती. मी तिला पुस्तक दिलं नाही, म्हणून तिला हे मिळालं. आणि तरीही, लाज वाटते सांगायला, ती मान वर करून बघत होती म्हणून आत कुठंतरी बरंही वाटलं. याच एका प्रश्नासाठी मी पेणला गेलो होतो. भलतं काही सांगणं मला जड नव्हतं, जन्मभर तेच केलेलं. ऑपरेटरने सगळ्यांच्या आधी पळावं, म्हणालो असतो. पण तिनं आणखी एखाद्या पोराच्या कव्हरात तो तुकडा शोधून काढला असता, आणि मग ती माझ्याशी पुन्हा कधीच काही बोलली नसती.

"ऑपरेटरने जागा सोडू नये," मी म्हणालो. "आधी झडप बंद करावी."

तिनं ते मनात मागच्या वाक्याला जोडून बघितलं. "मग पळायचं?"

"मग पळायचं."

"झडप लगेच बंद होते?"

"चाक असतं. फिरवावं लागतं."

"गच्च असतं?"

"कधी कधी असतं. आम्ही तेल घालतो."

"आणि मास्क?"

"आहे ना. भिंतीला लावलेला असतो."

"झडपेजवळ?"

"दाराजवळ."

तिच्या डोळ्यांपुढं मी ती जागा उभी राहताना बघत होतो, दार, भिंत, पाइप, चाक. "म्हणजे आधी दाराकडे यायचं," ती म्हणाली, "आणि मग परत आत जायचं."

"हो."

"आणि वारा आत येत असला तर?"

मी सांगितलं. तिनं पुढचं विचारलं, तेही सांगितलं. ती आता थांबत नव्हती. मी हातानं चाक किती फिरतं ते दाखवलं, टाकी कुठं, मी कुठं, सायरन कोण वाजवतो, माझ्याबरोबर कोण असतं, तो रजेवर असला तर कोण असतं. बाजूचा म्हातारा प्रवासी कौतुकानं आमच्याकडे बघत होता. एकेक उत्तर ऐकून ती ते उलटसुलट करून बघायची आणि पुन्हा विचारायची, आणि हळूहळू मला कळलं की ती चूक शोधते आहे. निदान यात तरी बाबा चुकलेला असावा, असं तिला जिवाच्या आकांतानं वाटत होतं. पण हे एक काम मला पक्कं येतं. रोह्याचा स्टँड आला तरी तिला चूक सापडली नव्हती.